पुठ्ठ्यावरची रेघ

उजनी धरणाच्या काठावर आमच्या संस्थेची मोटरबोट होती. तिचा पंखा वर-खाली करणाऱ्या तेलाच्या नळ्या चिरल्या होत्या. घरातला पहिला पदवीधर मी, तोही मेकॅनिकलचा. नव्या नळ्या स्वतःच बसवल्या. पण पंखा वर उचलला की हळूहळू खाली यायचा. कुठंतरी तेल गळत होतं.

काठावर जेसीबी लावून त्याचा चालक जेवत होता. एका हातानंच भाकरी मोडायचा, दुसरा खिशात. मी बटण दाबून गळती शोधायला नळीवरून बोट फिरवायला गेलो, तसा तो ओरडला, "ओ सायेब, हात काढा की!"

जवळ येऊन त्यानं खिशातला हात दाखवला. तर्जनी नव्हती.

"दाबाचं तेल बारीक भोकातनं सुईवानी बोटात शिरतंय. माझं बोट असंच कापावं लागलं. दिसत न्हाय. पुठ्ठा धरा."

"हे शिकलो होतो मी," मी ओशाळून म्हणालो.

"मंग पास कसं झाला वो?" हसत तो भाकरीकडं परतला.

मी खोक्याचा पुठ्ठा धरला. वरच्या जोडापाशी त्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. दाब सोडून नट आवळला. पंखा पुन्हा उचलला, आता तो वरच राहिला.

मग हात पुसताना मी दहाही बोटं एकेक करून पुसली.