बोहारणीला गेलेली पातळं

गोधडी अर्धवट राहिली ती माझ्या बदलीमुळे. बँकेनं पुण्याहून कोलकात्याला पाठवलं, आणि गोधडी डमडमच्या फ्लॅटमध्ये कपाटावर जाऊन बसली. यंदा थंडीत आई माझ्याकडे राहायला आली. खाली गल्लीत कापूस पिंजणारे हिंडू लागले, तेव्हा मलाही हुरूप आला आणि मी ती खाली काढली. आमच्याकडे गोधडी काठापासून आत शिवत नेतात. माझे चारी काठ पक्के होते, मध्ये मात्र नुसतं अस्तर.

समोरच्या बाईंनी दारातूनच पाहिलं आणि ‘ओ मा, काँथा!’ म्हणून हात जोडले. काँथा नाही, गोधडी, असं मी हिंदीत सांगितलं. त्या म्हणाल्या, एकच ते. एकच कसं? मला दिवसभर ते डाचत राहिलं.

मधल्या भागासाठी आईची सुती पातळं साताऱ्याला भावाच्या घरी ट्रंकेत राखून ठेवली होती. वहिनीला फोन लावला, म्हटलं, कुरिअरनं पाठव.

‘ताई, ती पातळं तर बोहारणीला गेली.’

‘गेली म्हणजे?’

‘त्यावर स्टीलचा डबा आला. दिवाळीत तुम्हाला लाडू पाठवले ना, तोच.’

डबा माझ्या ओट्यावर होता. त्यात मी मुरमुरे भरले होते. ‘काय छान डबा गं,’ असं त्या वेळी फोनवर कौतुकही करून बसले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच्या ट्रंकेत हात घालताना काही वाटलं नाही का, डब्यांचा एवढा दुष्काळ पडला होता तर मला सांगायचंस, स्वतःच्या माहेरची एक तरी साडी दिली असतीस का, असं तोंडाला येईल ते बोलले. वहिनी ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, ‘आईंना विचारा,’ आणि तिनं फोन ठेवला.

आई पलंगावर मटार सोलत होती.

‘तिला कशाला बोलतेस?’ ती म्हणाली. ‘मीच दिली.’

‘तू? अगं, मी कशासाठी ठेवलीत ते तुला ठाऊक होतं!’

‘ठाऊक होतं म्हणूनच दिली.’

आईची म्हणून इतकी वर्षं जपली, आणि हिनं ती भांड्यावर घातली! मी तसं म्हटलंही, अगदी ओरडून. तिनं शेंगांचं ताट बाजूला सरकवलं.

‘गोधडी जुनेराची करतात,’ ती म्हणाली. ‘माझं पातळ जुनेर झालं की नाही, ते मी ठरवायचं. ते जांभळं इरकल मी हळदीकुंकवाला नेसत होते. तू गोधडीच्या काठांसाठी न विचारता टराटरा फाडलंस. वर सगळ्यांना सांगत सुटलीस, आईच्या मायेची ऊब. मी मेले होते का? उरलेलीही तू कापणार, त्यापेक्षा डबा बरा. मी पारखून घेतलाय, झाकण घट्ट बसतं.’

‘इरकल विरलं होतं.’

‘पदराला. पदर मागे जातो. मागचं कोण बघतंय?’

राग उतरला नव्हता, उलट तिचं खरं असेल या शंकेनं जास्तच चढला. मी कपाट उघडून हाताला येईल ते बाहेर फेकू लागले. म्हटलं, ठीक आहे, तुझं काही नको, मध्ये माझंच घालते. जुने ड्रेस, उशीचे अभ्रे, ओढण्या. आई उठून जवळ आली आणि त्या ढिगातून तिनं एक साडी ओढली. हिरवी, तांबड्या काठाची, इथलीच सुती. कोलकात्यात आल्यावर माझी मी घेतलेली ती पहिली साडी.

‘ही घाल. काठ बघ, गेलेत. जुनेरच झालंय.’

‘ती नको!’ मी दुसरं टोक पकडलं. ‘मी नेसते अजून.’

‘नेसतेस होय?’ आई म्हणाली. ‘मीपण नेसत होते.’

आणि तिनं कात्री चालवली.