नामदेव मिस्त्रीचा शेवटचा सौदा

फोनवर नाव नामदेव मिस्त्रीचं, म्हणून मी ‘हॅलो’ही न म्हणता सुरू झालो. “मिस्त्री, पुण्याचं गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय. गाडी देतोस का भंगारात घालू?” पलीकडून त्याची बायको, सुमनवहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ते गेले सकाळी...” मी डिंभ्याला एक जुनी जीप बघायला गेलो होतो. धरणाच्या कडेला उभा राहिलो आणि रडू येण्याआधी राग आला. पोटाच्या आजाराचं त्याला कित्येक महिने ठाऊक होतं. त्याच्या भावाला माहीत, शेजारच्या टायरवाल्याला माहीत, मला नाही. महिना उलटला, राग उतरलेला नाही.

मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची कॅरेट उचलत वर आलेला माणूस. जुन्या गाड्या घेतो, दुरुस्त करवून विकतो. जुन्नरला नामदेवची शेड होती आणि आमचा सौदा बैलबाजारासारखा चालायचा. हातांवर फडकं टाकायचं, खाली बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडाने नुसत्या शिव्या. “शेठ, एवढ्यात वेल्डिंगची काडी बी येत न्हाई.” “मग दाताने जोड!” तो ठसका लागेपर्यंत हसायचा आणि पुन्हा बोट दाबायचा. बाकी जगाशी मी जिंकायला भांडलो; त्याच्याशी भांडायचो ते त्याच्याजवळ बसायला मिळावं म्हणून.

शेवटची गाडी म्हणजे दोन सीटची, जुनी विलायती स्पोर्ट्स कार. कुणीतरी तिची मागची बाजू खाली बसवली होती. त्यामुळे मागची चाकं वरून आत झुकायची आणि टायर आतल्या कडेला घासून जायचे. चाकं गाडीच्या अंगाला धरून ठेवणारे दोन्ही आर्म सुधारायचे होते. नामदेवने गंजलेला पत्रा कापून नवा भरला, बोल्टाचं भोक लांबट केलं, म्हणजे चाकाचा कल हवा तसा लावता येईल. एका दमात वेल्डिंग केलं तर आर्म पीळ खातो, म्हणून एक टाका इकडे, एक तिकडे. मग पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत दोरा ताणून एक डोळा मिटून बघत बसायचा. “भिंत बांधतोयस का?” मी ओरडायचो.

त्या कामाचा सौदा करताना त्याने बोटं दाबलीच नाहीत. फडक्याखाली माझा हात नुसता धरून ठेवला. “चालंल शेठ, तुमी म्हणाल ते.” मी खुशीत घरी आलो...

दहाव्यानंतर वहिनींना विचारलंच, मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, “मी म्हणलं व्हतं, सांगा. तर म्हणले, शेठ भांडायचा थांबंल. मग मला मेल्यागत वाटंल.” आणि थांबला कोण? तोच.

गाडी शेडमध्ये चाकांवर उभी आहे. आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळत नाहीत. वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे, नाहीतर आतलं रबर पिळून फाटतं. त्याने गाडी खाली उतरवली, बोल्ट हाताने बसवले आणि दवाखान्यात गेला. कुठलाही मिस्त्री ते घटकाभरात आवळून देईल. परवा मीच पाना घेऊन खाली शिरलो. बोल्ट बोटांनी फिरत होता. होता तसा ठेवला आणि बाहेर आलो.

वहिनी चहा घेऊन उभ्या. “शेड रिकामी करायची व्हती, भाऊजी.”

“करायची नाही. मी भाड्याने घेतो. बोला, काय घ्याल?”

“तुमी द्याल ते.”

माझं डोकंच फिरलं. “असं म्हणायचं नाही, वहिनी! भांडा माझ्याशी...”