पूंगोडीचं सुतक

वडिवक्काला भुताखेतांची भीती नाही, पोलिसांची नाही, आणि जेवणावळीतल्या मामालोकांची तर मुळीच नाही. मांडवामागे चुलाणावर मोठाले हंडे चढवून ती बिर्याणी करते. कुणी मामा मिशीला पीळ देत "मीठ जरा कमी वाटतंय" म्हणून डोकावला, तर हातातला सराटा न थांबवता ती सांगते, "मामा, घरी बायकोपुढे बोलता येत नाही म्हणून इथे आलात होय?" मामा हसतो आणि निमूट पंगतीत जाऊन बसतो. पोदनूरपासून पोल्लाचीपर्यंत कुणाच्याही घरी कार्य असो, बकरा ठरायच्या आधी वडिवक्का ठरते.

त्या वडिवक्काला एका सिनेमाने घरात बसवलं.

झालं असं, की गांधीपुरमच्या कुठल्याशा संस्थेने आम्हा तिरुनंगैंना, पुरुषाच्या देहात जन्मलेल्या आम्हा बायांना, बोलावणं धाडलं. तुमच्याच आयुष्यावरचे सिनेमे आहेत, या म्हणाले. आमचं आयुष्य आम्हालाच दाखवायला पंखे, गाद्यांच्या खुर्च्या, आणि मध्ये चहा नि बोंडा. आम्ही एका घरात राहणाऱ्या तिघी नटूनथटून गेलो: वडिवक्का, मी, आणि वडिवक्काची लेक तेनमोळी. लेक म्हणजे पोटची नव्हे. घरच्यांनी हाकललेली पोर दारात आली, की जमातीतल्या थोरांसमोर विडा ठेवायचा आणि तिला लेक म्हणायचं. मग ती आपली, आणि तिची भांडणंही आपली.

पहिल्या सिनेमात आमच्यासारखीला जाळलं. दुसऱ्यात रुळांवर टाकलं. तिसऱ्यातल्या पोरीला नाचायचं काम आहे सांगून तीन माणसं व्हॅनमधून घेऊन गेली. ती आत बसली आणि त्यांनी बाहेरून दार खाडकन लावलं. त्या आवाजाला वडिवक्काने माझा हात जो धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. पुढे जे व्हायचं ते झालं. सकाळी तळ्याकाठी पोरगी पालथी पडलेली, अंगावर माशा, आणि पडद्यावर नावं वर सरकायला लागली. दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक चष्मेवाल्या बाई माईक घेऊन आमच्याकडे आल्या, "कसं वाटलं तुम्हाला?"

वडिवक्का म्हणाली, "बोंडा चांगला होता."

मला वाटलं, सुटलो. कसलं काय! दुसऱ्या दिवसापासून घरात तुरुंगाची शिस्त लागली. दिवेलागणीला कडी, कडीला कुलूप, आणि किल्ली वडिवक्काच्या चोळीत. गल्लीच्या तोंडाशी व्हॅनचा हॉर्न वाजला, की हिच्या हातातला तवा खाली. मुरुगेसनच्या रिक्षातून ती कित्येक वर्षं बाजाराला जाते. त्यालाही परवा तिने बसायच्या आधी विचारलं, "खरं सांग, तुझ्या आईचं नाव काय?" बिचारा घाबरून म्हणाला, "अक्का, आईला काही झालं का?"

कामं यायची, ती परत पाठवायची. आज कंबर धरलीय, उद्या ताप आहे, परवा अमावस्या. सराटा खिळ्याला टांगलेला. तेनमोळी चिडायची, मी समजवायचे, आणि दोघींना जेवायला वाढायचे. मला भीती वाटत नव्हती असं नाही. मीही तेच पाहिलं होतं, मलाही डोळे मिटले की ते दार ऐकू यायचं. पण भीतीचासुद्धा शीण येतो हो. सगळ्याच घाबरून बसल्या तर भात कोण शिजवणार, म्हणून मी आपली चुलीपाशी उभी.

मग दुरैसामी आला. कोपऱ्यावरचं किराणा दुकान त्याचं. नातवाचे कान टोचायचे होते, उदुमलैच्या पलीकडे, त्यांच्या कुलदैवताच्या देवळात. शेताच्या मधोमध देऊळ, बकरा कापायचा, सगळ्या भावकीला जेवण.

"अक्का, उद्या दुपारी व्हॅन पाठवतो. हंडे टाका आणि निघा."

"मी नाही येत," वडिवक्का म्हणाली.

"म्हणजे? पोरगं जन्मलं तेव्हा तूच म्हणालीस ना, ह्याच्या कानाची बिर्याणी माझ्या हातची?"

"म्हणाले असेन. दुसरं कुणी बघ."

दुरैसामीचा चेहरा पडला. दुसरं कुणी बघ हे वडिवक्काच्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. तेनमोळी पटकन पुढे झाली, "मामा, मी येते. मला येतं सगळं." तो बरं म्हणून गेला आणि इकडे मायलेकींची जुंपली.

"तू व्हॅनमध्ये पाय ठेवायचा नाहीस."

"मग तू चल."

"मी नाही."

"मग काय हंडे चालत जाणार उदुमलैला? अम्मा, तू आयुष्यभर अशी कडी लावून बसणार, आणि मी तुझ्या बाजूला बसून म्हातारी होणार?"

"म्हातारी हो! म्हातारी झालेली बरी!" वडिवक्का ओरडली आणि दाराला पाठ लावून खालीच बसली.

मी थकले होते. सकाळी उठून नानीला फोन लावला.

रासम्मा नानी म्हणजे आमच्या जमातीची सगळ्यात म्हातारी. सूलूरहून बसने आली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पानाचा डबा. आम्ही पाया पडलो. तिने ओसरीवर बसकण मारली, पानाला चुना लावला आणि वडिवक्काला म्हणाली, "काय गं भवाने, व्हॅनला घाबरतेस म्हणे? बोल. काय पाहिलंस ते पहिल्यापासून सांग."

वडिवक्काने सांगितलं. आम्हाला एवढ्या दिवसांत एक शब्द बोलली नव्हती, नानीपुढे सगळं ओकली. नानी चघळत ऐकत होती.

"तिची अम्मा कोण दाखवलीय?"

"नाही दाखवली."

"नानी? बहिणी?"

"कुणीच नाही. एका खोलीत एकटीच राहायची."

"एकटी?" नानीने पान थुंकलं. "आपल्यातली, आणि एकटी? अगं, मला तुम्ही न्हाणीघरातसुद्धा एकटीला जाऊ देत नाही! कुणी लिहिलंय हे? बरं, मेल्यावर रडलं कोण?"

"कुणी नाही."

"पाहायला बसलेल्या बाया?"

"टाळ्या वाजवल्या."

"मढ्यापुढे टाळ्या!" नानीने काठी आपटली. "आणि तुम्ही?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. "बोंडा खाल्ला," तेनमोळी हळूच म्हणाली.

वडिवक्का बोलायला लागली, अगदी खालच्या आवाजात. "नानी, मारलं ते मी बघितलं. सोसलं. पण नंतर कुणी आलंच नाही गं. नुसती पडून राहिली. आपल्या सेल्वीसारखी."

सेल्वी याच घरात राहायची. काविळीने गेली. इस्पितळातून तिचे सख्खे भाऊ तिला घेऊन गेले. जिवंतपणी कधी दारात उभं केलं नव्हतं, मेल्यावर कागद दाखवून हक्काने नेली. कमरेपर्यंतचे केस कापले, पुरुषाची वेष्टी नेसवली, आणि जुन्या नावाने पुरली. आम्ही फाटकाबाहेर उभ्या. रडायला तोंड उघडलं तर म्हणाले, तमाशा करू नका, पोलिसांना बोलावू. आम्ही तोंडात पदर कोंबून बसने परत आलो. तेव्हापासून ह्या घरात सेल्वीचं नाव कुणी काढलं नव्हतं.

नानीने पानाचा डबा मिटून बाजूला सारला. म्हणाली, "न रडता सोडलेलं मढं आहे ते. तिला शेवटी पाहिलंत तुम्ही. मग ती तुमच्यामागे घरी येणार नाही तर जाणार कुठे? कूवागमच्या जत्रेत आपण दरवर्षी अरावान देवाशी लग्न लावतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी बांगड्या फोडतो. का? बळी गेला बिचारा, आपल्याशिवाय त्याला रडणारं कोण होतं? रडतो, आंघोळ करतो, घरी येतो. न रडता कधी परत आलोय? पोरीचं नाव काय होतं?"

नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सिनेमाभर तिला सगळ्यांनी शिव्यांनीच हाका मारल्या होत्या.

"मग ठेव," नानीने वडिवक्काला सांगितलं.

वडिवक्काने डोळे पुसले. "पूंगोडी."

"विडा आण."

सिनेमातल्या मेलेल्या पोरीला वडिवक्काने नानीसमोर विडा ठेवून लेक करून घेतलं. मी पाटावर दिवा लावला. हसू येण्यासारखंच होतं ते, पण आमच्यापैकी कुणी हसलं नाही. आम्ही अंगणात बसलो, केस मोकळे सोडले, एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकले, डोकी जवळ आणली. मयतापुढे रडत गायची ओप्पारी आम्हाला शिकवावी लागत नाही. कुणाकुणाच्या मयताला जाऊन आमचे गळे तयार झालेले आहेत. वडिवक्काने सूर लावला:

"हंडाभर भात केला गं, पूंगोडी, तुझं पान मांडलं नाही,
व्हॅनमध्ये चढलीस गं, पूंगोडी, अम्माला हाक मारली नाही,
केस तुझे कुणी विंचरले गं, फुलं कुणी माळली नाही,
फाटकाशी उभी होते गं, सेल्वी, मला आत सोडलं नाही..."

पूंगोडीची सेल्वी कधी झाली ते तिला कळलंही नसेल. मग मात्र तिला आवरेना. ऊर बडवत ती जो हंबरडा फोडत सुटली, तो मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. मीही रडले. मला सहसा रडू येत नाही.

आता, भर दुपारी आमच्या अंगणातून ओप्पारी ऐकल्यावर गल्लीने काय समजावं? गल्लीने तेच समजलं. वडिवक्का बरेच दिवस बाहेर दिसली नव्हती, तापाची सबब तर सगळ्यांना सांगितलेली. मी डोकं वर केलं तेव्हा मुरुगेसन आणि त्याचे दोस्त दारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडत होते. शेजारची पद्मावती इडल्यांचं पातेलं घेऊन आली होती, मयताच्या घरात चूल पेटत नाही म्हणून. आणि या गर्दीतून दुरैसामी शेवंतीचा भलामोठा हार घेऊन घुसला, लहान पोरासारखा रडत.

"अक्का गं! नातवाचे कान टोचायच्या आधीच गेलीस!"

वडिवक्काने मान वर केली. काजळ गालावर, केस तोंडावर. दुरैसामीच्या हातातून हार गळायचाच बाकी होता.

"अक्का... तू आहेस?"

"हार कुणाला आणलास?"

"कुणाला म्हणजे? तुला!" तो आता संतापला. "दुकान बंद करून धावत आलो मी!"

"माझ्यासाठी दुकान बंद केलंस?"

"मग काय उघडं ठेवू? तुझं मयत असताना साखर तोलत बसू?"

वडिवक्का त्याच्याकडे पाहतच राहिली. मग तिने दाराकडे पाहिलं, खुर्च्यांकडे, इडलीच्या पातेल्याकडे, बाहेर चपला काढून उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांकडे. मुरुगेसनचे डोळे लाल होते. त्याला बघून तिने तोंडाला पदर लावला.

"मयताचा हार परत नेऊ नये," नानी म्हणाली. मग दुरैसामीने तो हार पाटावरच्या दिव्याला घातला. कुणासाठी ते त्याने विचारलं, मी सांगितलं, आणि कळो न कळो, त्याने हात जोडले. आम्ही डोक्यावरून आंघोळ केली. नानीने सुतक तिथेच संपवलं. "कान टोचायच्या बिर्याणीला विटाळ नको. पोरगी पडद्यावरची होती, एका आंघोळीत फिटलं." इडल्या सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. गेलं कोण हे काही रिक्षावाल्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

व्हॅन ऊन उतरायला लागल्यावर आली. आत तीन माणसं, दुरैसामीचे कुठले कुठले भाचे. तिघेच कसे आले कोण जाणे, देवालासुद्धा गंमत सुचते. वडिवक्काने त्यांना एकेक करून मोजलं. भीती गेली असं मी सांगणार नाही. हंडे चढले, तेनमोळी मागे जाऊन बसली, आणि वडिवक्काने खिळ्यावरचा सराटा काढला. व्हॅनच्या पायरीवर एक पाय ठेवून ती माझ्याकडे वळली.

"मी परत आले नाही तर..."

"येशील."

"ऐक ना. नाही आले, तर माझ्या भावांना देऊ नकोस मला. केस कापू देऊ नकोस. ती हिरवी साडी नेसव. आणि रड. पदर कोंबून नाही, नीट रड."

असलं काही ऐकलं की मला रागच येतो.

"रडेन. दुरैसामीचं दुकान बंद करायला लावून, गल्ली गोळा करून रडेन. तुझ्या भावांना फाटकाबाहेर उभं करीन. झालं? आता चढ, तांदूळ भिजवायचाय."

ती चढली. ड्रायव्हरच्या शेजारी बसली, सराटा मांडीवर घेतला. एक भाचा दार लावायला खाली उतरू लागला, तर त्याला म्हणाली, "राहू दे," आणि दार तिने स्वतःच्या हाताने ओढून लावलं.