सिमेंटखालची भिंत

एदुविगेनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मोरा खोऱ्यातल्या रँचवरच्या त्या जुन्या मातीच्या घरात ती चूल पेटवायची, राजमा शिजत ठेवायची आणि इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला जायची. त्या जूनमध्ये मात्र उठली की आधी उत्तरेच्या भिंतीला हात लावायची.

भिंत फुगत होती.

घर तिच्या नवऱ्याच्या, सेलेदोनियोच्या पणजोबांनी कच्च्या विटांचं बांधलेलं. दर उन्हाळ्यात घरच्या बायका ते मातीनं लिंपत. लिंपून एदुविगेनचे हात फाटायचे, म्हणून सेलेदोनियोनं खाणीतला पगार साठवून घराला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. पुढं तो वारला. गिलाव्याला तडे गेले. पाणी आत शिरलं, पण बाहेर पडायला त्याला वाट नव्हती.

मी गवंडी; भिंत बघायला तिनं मला बोलावलं. पायथ्याशी सळई टोचली, ती वीतभर आत गेली.

"सिमेंट काढावं लागेल," मी म्हणालो. "काढताना छप्पर खाली येऊ शकतं. नाही काढलं तर येणारच."

तिचा दीर मेलितोन मध्ये पडला. "वहिनी, दादाच्या हातचं काम आहे ते. फोडणार?"

"बोलण्यानं तुळया पेलत असतील तर बोलत राहा," एदुविगेन म्हणाली. " नाहीतर टेकू आण."

त्यानं आणले. तुळयांना टेकू देऊन आम्ही गिलावा फोडला. मग पायथ्याच्या कुजक्या विटा हातभर लांबीत काढायच्या, तिथं कोरड्या भरायच्या, शेजारचा भाग सोडून पुढं जायचं. घाई केली की संपलं.

तिसऱ्या खाचेत एदुविगेन पालथी पडून विटा लावत होती. वरून तुळई करकरली. माझ्या मानेवर माती पडली. टेकू सरकला.

"वहिनी, बाहेर या!" मेलितोननं टेकूला खांदा लावला.

"वीट दे."

"अहो, मराल!"

"मग लवकर दे."

त्यानं खांदा न काढता पायानं वीट ढकलली. तिनं ती बसवली. मी वर पाचर ठोकली, पुन्हा ठोकली. करकर थांबली. मग तिनं आतून पुढची वीट मागितली.

भिंत सुकल्यावर तिनं स्वतः ती लिंपली.

"दादा रागावला असता," मेलितोन म्हणाला.

"रागावू दे. रागवायला घर तरी उरलंय."

माती अंगणातलीच होती, गवत शेतातलं. तिच्या धुलाईघरातल्या पगारातले पैसे लागले ते एवढ्यालाच: नवऱ्यानं आणलेलं, आम्ही फोडून काढलेलं सिमेंट ट्रकनं लांब नेऊन टाकायला.