वांग वाढू द्यायचं नाही

खुशालरावांचं साऱ्या गावाशी जमलं, फक्त अनुस्वाराशी कधी जमलं नाही. मूर्तिजापूरकडच्या आपल्या खेड्यात ते सातवीपर्यंत शाळा शिकले. चौथीत असताना त्यांनी पाटीवर 'मी आंबा खाल्ला' लिहायच्या जागी 'मी आबा खाल्ला' असं लिहून ठेवलं. गुरुजींनी पाटी साऱ्या वर्गाला दाखवली. "पाहा रे पोट्टेहो, खुशालनं आपला आबाच खाल्ला!" आता ते स्वतःच आबाजी झाले, तरी हा किस्सा सांगितल्याशिवाय त्यांच्या घरून पाहुणा उठत नाही. टिंबानं आपल्याला पुन्हा एकदा असंच गाठलं, हे मात्र त्यांना फार उशिरा कळलं.

शेतात कपाशी आणि तूर, पण विहिरीजवळचा वांग्यांचा पट्टा खुशालरावांचा खास लाडाचा. गावात कुणाचंही लग्न असो, पंगतीतली वांग्याची भाजी यांच्याच मळ्यातली. नात प्राजक्ताचं लग्न माघात ठरलं तेव्हा त्यांनी पट्टा दुप्पट केला. "माह्या नातीच्या लग्नात लोकायनं बोटं चाटली पाह्यजे," असं भेटेल त्याला सांगत सुटले.

प्राजक्ता धारणीला कृषी सहायक. दिवसभर स्कुटीवर, नाहीतर कुणाच्या तरी बांधावर, उन्हात. दोन्ही गालांवर आणि ओठावर तपकिरी डाग पडले. ते तेवढ्यावर राहते तर कुणी पाहिलेही नसते. पण कुण्या मैत्रिणीनं एक क्रीम दिली. आधी चेहरा उजळला, मग भाजल्यासारखा लाल झाला आणि डाग होते त्याहून काळे पडले. तेव्हापासून पोरीनं तोंडाला स्कार्फ बांधला तो बांधलाच. उन्हात सगळ्याच पोरी बांधतात, ही सुटीला घरी आली तरी सोडेना. जेवायची ती सगळ्यांच्या मागून, भिंतीकडे तोंड करून.

"सोड व बाई ते फडकं," आजी मैनाबाई म्हणाली की पोरगी उठून आतच जायची.

होणारा नवरदेव विपुल अमरावतीचा, बोलायला मोठा गमतीचा. एकदा भेटायला आला आणि म्हणाला, "मी तर तोंड पाहून हो म्हटलं होतं, आता स्कार्फासंग लगन लावू का?" एरवी अशा बोलण्यावर प्राजक्ता सात घरांना ऐकू जाईल अशी हसायची. त्या दिवशी रडली. विपुल बिचारा कानकोंडा होऊन बसला. ओसरीवर बसलेल्या खुशालरावांच्या मनाला ते फार लागलं. त्यांना गालाच्या रंगाचं काही नव्हतं. नातीचं हसणं घरातून गेलं होतं, ते परत पाहिजे होतं. मांडवात पोरगी उघड्या तोंडानं बसली पाहिजे, बस.

पोळा झाला तसे ते तिला घेऊन अकोल्याला जठारपेठेत डॉक्टर आचल मॅडमकडे गेले. मॅडम शिकून आल्या पुण्याकडून, मराठी अगदी पुस्तकातली. त्यांनी चेहरा पाहिला, ती क्रीम कचऱ्यात टाकायला सांगितली आणि आधी बरेच दिवस नुसती मलमं दिली. भाजलेली कातडी शांत झाल्यावर लेझर सुरू झालं, तेही थोडं थोडं, मध्ये बरेच दिवस जाऊ देऊन. मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही. "सगळं जाईल असं नाही, फिकं होईल. उन्हाला जपलं नाही तर परत येईल."

लेझरच्या पहिल्या दिवशी खुशालराव बाहेर बाकावर बसले होते. आतून टिकटिक ऐकू येई आणि यांचा जीव वरखाली होई. शेवटी न राहवून त्यांनी दार ढकललं. नेमकं तेव्हा मॅडम प्राजक्ताला सांगत होत्या, "तोंडाला हळद, लिंबू काही लावायचं नाही, आणि लग्नापर्यंत वांग अजिबात वाढू द्यायचं नाही."

घरात त्या डागांना सगळे डागच म्हणत. वांग हा शब्द खुशालरावांच्या कानावरून कधी गेलेला नव्हता. त्यांनी ऐकलं ते वांगं. वांगं वाढायचं नाही, म्हणजे कुणाच्या ताटात नाही, आणि लग्नापर्यंत म्हणजे पंगतीतही नाही. परतीच्या गाडीत, घर येता येता ते मनाशी म्हणाले, गेलं खड्ड्यात वांगं.

घरी कारण विचारायची सोय नव्हती, कारण इलाजाचा विषय निघाला की प्राजक्ता उठून जायची. त्यांनी मैनाबाईला "वांग्यावरून मन उतरलं" एवढंच सांगितलं. आचारी भगवंतला बोलावून हुकूम दिला, "पंगतीत गोभी कर. वांगं नाई."

"काहून जी? तुमच्याच मळ्यात वांगे, अन तुमच्याच घरी गोभी?"

"मी सांगतो म्हणून."

अमरावतीहून व्याही उत्तमरावांचा फोन आला. "आमच्याकडचे लोक विचारून राहिले खुशालराव, वांगे आहेत नं?"

"गोभी आहे," खुशालराव म्हणाले आणि फोन ठेवून दिला. इकडे मळ्यात वांगी अशी लगडली होती, की ते पहाटे तोडून मूर्तिजापूरच्या बाजारात पाठवत आणि तिकडे वळूनही पाहत नसत.

हळदीच्या दिवशी मांडव बायांनी भरला. प्राजक्ता पाटावर बसली, स्कार्फ तोंडावर तसाच. गंगूआत्या, खुशालरावांची धाकटी बहीण, हळदीची वाटी घेऊन पुढे सरसावली. "सोड व पोरी तोंड. हयदीविना नवरी असते का?" प्राजक्तानं स्कार्फ घट्ट धरला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसताच खुशालराव बायांच्या घोळक्यात शिरले आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसले.

"तिच्या हातापायाले लावा. तोंडाची हयद माह्या तोंडाले लावा. नाक आमचं सारखंच आहे."

बाया खिदळायला लागल्या. "आबाजीले नवरी कराव का?"

"करा! पण डॉक्टरीणबाईचं म्हणणं मी मोडू देनार नाई. तिनं माह्यादेखत सांगितलं, तोंडाले हयद नाई अन लग्नापर्यंत वांगं वाढायचं नाई!"

गंगूआत्याचा हात जागीच थांबला. "हयदीचं समजलं दादा. पन वांग्यानं काय केलं?"

खुशालराव गडबडले. "ते मले काय माहीत? डॉक्टरीणबाई बोलली."

स्कार्फाआडून आवाज आला, "आबाजी... तुमी त्याच्यासाठी वांगे बंद केले?"

"मंग? तुह्या तोंडापरीस वांगं मोठं आहे का?"

"आबाजी, वांग! ह्या डागायले वांग म्हनतात! ते वाढू द्यायचं नाई म्हने!"

मग मैनाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "या मानसानं मांगं आबा खाल्ला, आता वांगे सोडले!" आणि प्राजक्ता हसली. ते जुनं, सात घरांना ऐकू जाणारं हसणं. हसता हसता तिनं पोट धरलं, स्कार्फाची गाठ सुटली, आणि तो मांडीवर पडला तो तिनं उचललाच नाही. गालांवर फिकट सावलीएवढे डाग उरले होते. बायांनी ते पाहिलेही नाहीत, त्या खुशालरावांच्या गालांना हळद फासण्यात गुंतल्या होत्या.

त्याच संध्याकाळी सारं घर वांगी तोडायला मळ्यात गेलं. भगवंतनं गोभी रद्द केली.

लग्नाला आचल मॅडम आल्या. प्राजक्ता उघड्या तोंडानं मांडवभर फिरत होती आणि विपुलच्या प्रत्येक गमतीवर हसत होती. मॅडम पंगतीत बसल्या. पिवळ्या गालांचे खुशालराव वांग्याच्या भाजीची बादली घेऊन समोर आले. मॅडमचे उपकार मानायला त्यांनी दोन दिवस वाक्यं जुळवून ठेवली होती, पण ऐनवेळी एकही आठवेना. डोळे तेवढे भरून आले.

"मॅडम," ते कसेबसे म्हणाले, "वाढू का?"

किस्सा मॅडमच्या कानावर गेलाच होता. त्यांनी ताट पुढे केलं. "हे वाढा आजोबा. ते वाढू देऊ नका."

खुशालरावांनी बादलीतली सगळ्यात चांगली, देठासकट वांगी शोधून त्यांच्या ताटात वाढली.