दोनशे बारा वाक्यं

इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं काढल्यामुळे त्यांना सगळे फाइलबाईच म्हणत. जुनी फाइल निकाली काढल्याशिवाय नवी आत शिरायची नाही, हा त्यांचा नियम. भलेभले डॉक्टर त्यापुढे हात टेकत.

यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. उतारवयात त्यांना कॉम्प्युटरचं वेड लागलं, मग घशाचा आजार जडला. आवाज जाणार हे नक्की झालं, तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात त्यांनी माइकसमोर बसून दोनशे बारा वाक्यं कॉम्प्युटरमध्ये बोलून ठेवली, एकेका वाक्याला पडद्यावर एकेक बटण. पुढची दोन वर्षं ते बटण दाबून बोलले आणि बटण दाबूनच भांडले. "माझा चष्मा तुम्हीच हलवलात." "बरं बाई, तुमचंच खरं."

ते गेल्यावर फाइलबाई रोज सकाळी एकच बटण दाबायच्या. "बाईसाहेब, उठलात का?"

"उठले हो," म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

परवा कॉम्प्युटर आपला आपण अपडेट झाला आणि तो बोलका प्रोग्राम उघडेना. त्यांनी भाच्याला फोन लावला.

"मावशी, जुना प्रोग्राम आता चालायचा नाही. त्याच्यावरच नवा टाक. टर्मिनल उघड, ती काळी खिडकी. एक ओळ टाइप कर, एंटर मार, झालं."

"एकच?"

"एकच. काका डोळे मिटून करायचे."

"डोळे मिटून ते भाजीत मीठही दोनदा घालायचे. तू ओळ सांग."

त्यांनी एकेक अक्षर लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. पण फोन ठेवल्यावर ती एकुलती ओळ त्यांना पटेना. जुन्याच्या डोक्यावर नवं टाकायचं? असली कामं नवशिके करतात. त्यांनी यजमानांची वही काढली. तिरक्या अक्षरात नोंदी होत्या: जुना प्रोग्राम काढायची ओळ, आणि तिच्याखाली फोल्डर पुसायची. त्यापुढे लिहिलं होतं, "परत येत नाही. जपून!"

पहिली ओळ टाइप केली. मशीननं पासवर्ड मागितला आणि एकही अक्षर पडद्यावर उमटू दिलं नाही. "निदान हे मशीन तरी पोटात ठेवतं," त्या पुटपुटल्या. काढू का, असं मशीननं विचारल्यावर त्यांनी होकार दिला. प्रोग्राम गेला, पण त्याच्या नावाचं फोल्डर मागे राहिलं. निकाली फाइलचं रिकामं कव्हर, असंच त्यांना वाटलं. ते ठेवतं कोण? यजमानांनी जपून म्हटलं होतं, म्हणून चष्मा पुसून त्यांनी ओळ तीनदा ताडून पाहिली. मग एंटर दाबलं. मशीन काहीच बोललं नाही.

नंतर भाच्याची ओळ. अक्षरं भराभरा वर सरकली, थांबली. बाईंनी वहीत लिहिलं, "११.४०. काम पूर्ण." खाली सही केली.

नवा प्रोग्राम झटकन उघडला. बटणांच्या रांगांच्या जागी कोरा पांढरा चौकोन होता. त्यात लिहिलं होतं, "अजून एकही रेकॉर्डिंग नाही."

त्यांनी पुन्हा फोन लावला. काय केलं ते क्रमानं सांगितलं.

"मावशी... काकांची वाक्यं त्या फोल्डरमध्येच होती गं. कुठे कॉपी आहे ना?"

"एका नोंदीच्या दोन प्रती मी जन्मात ठेवल्या नाहीत."

"कशाला हात लावू नकोस. मी निघालोच."

तो आला आणि संध्याकाळपर्यंत खटपट करत राहिला. पुसलेल्यातून काही तुकडे निघाले. वाजवले, तर नुसती खरखर. बाई प्रत्येक तुकडा कान देऊन ऐकत होत्या. दहाव्यानंतर म्हणाल्या, "पुरे."

"चूक माझी. जुनं तसंच राहू दे, हे मी सांगायला हवं होतं."

"तू एकच ओळ सांगितली होतीस," त्या म्हणाल्या. "बाकीच्या माझ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठरल्या वेळी कॉम्प्युटरसमोर बसल्या. चौकोनाखाली एक हिरवी पट्टी होती, आवाज झाला की वर चढणारी. घरात कसलाच आवाज नव्हता. पट्टी तळाशी पडून होती.

"उठले हो," बाई म्हणाल्या.

पट्टी जराशी चढली आणि खाली बसली.