आमगावच्या बाजारात नोहाचा जलप्रलय

माझे वडील आमगावच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मूळचे अर्जुनीकडच्या, तलाव बांधणाऱ्या शेतकरी घरातले. तरुणपणी बाप्तिस्मा घेतला आणि घर सुटलं, पण बोली सुटली नाही. पवित्र शास्त्रातलं अक्षर न् अक्षर घडलेलं आहे, यावर त्यांचा भरवसा होता. साऱ्या जगाच्या जलप्रलयातून तरलेलं नोहाचं तारू, शिंगांच्या आवाजानं कोसळलेल्या यरीहो शहराच्या भिंती, यहोशवाची लढाई संपेपर्यंत आकाशात थांबलेला सूर्य, हे सगळं त्यांच्या लेखी कालच्या बाजाराइतकं खरं.

मी नागपुरात शिक्षिकेचा अभ्यास पुरा करून आले होते आणि गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. नागपूरच्या ग्रंथालयात जुन्या देशांतल्या उत्खननांची पुस्तकं मी अधाशासारखी वाचली होती. त्यामुळे घरी जेवताना हटकून वाद व्हायचा. आई ताटं उचलून न्यायची तरी आमचं चालूच.

इंग्रजी राज्याची ती शेवटची वर्षं. हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, जबलपूरकडचे एक पंडितजी गोंदियात आले. ठिकठिकाणी पाद्र्यांना वादाला बोलावून हरवण्यात त्यांचं नाव झालं होतं. त्यांनी वडिलांना निरोप धाडला: आमगावच्या बाजारात लोकांसमोर या आणि तुमच्या शास्त्रातल्या गोष्टी खऱ्या असल्याचं सिद्ध करा. वडिलांनी लगेच होकार कळवला. आणि वादाच्या दोन दिवस आधी त्यांचा घसा सुजला. आवाज पार बसला.

गोऱ्या मिशनरी साहेबांचं म्हणणं पडलं की वाद रद्द करावा. वडिलांनी मान हलवून नकार दिला. मी म्हटलं, मी जाते.

"तू कायले?" ते कसेबसे म्हणाले. "तुले तर नोहाचं पाणीच पटत नाई."

"म्हणूनच आधी सांगते, बाबा. सारी पृथ्वी बुडाली होती असं मी म्हणणार नाही. मला जे पटतं तेवढंच बोलेन."

ते बाजेवर टेकले. मला वाटलं, आता नको म्हणतील. मग आईनं गरम पाणी आणून दिलं, ते घोट घोट प्यायले आणि म्हणाले, "जाय. पन दुसऱ्याचं बोलनं तोंडात घेऊन उभी राहू नको. माहंही नको."

बाजाराच्या दिवशी चिंचेखाली दोन बाकं मांडली होती. भाजीवाल्या पाट्या सोडून आल्या, बैलांचे सौदे थांबले. बाई वादाला उभी राहणार हे कळल्यावर गर्दी आणखी वाढली. वडील गळ्याला पंचा गुंडाळून पुढे बसले होते.

पंडितजींनी थेट जलप्रलयाला हात घातला. पाणी उंचातल्या उंच डोंगरावरून गेलं म्हणता, तर मग ते ओसरून गेलं कुठे? जगभरचे प्राणी एका नावेत मावले कसे? त्यांची हिंदी खणखणीत होती. लोक हसायला लागले.

मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे. आपल्या अर्जुनीकडच्या प्रतापगडाच्या माथ्यावरून पाणी गेलं असतं, तर त्याला ओसरायला जागाच उरली नसती. मात्र दोन मोठ्या नद्यांच्या ज्या मुलखातून ही गोष्ट आली, तिथं खणताना पुराच्या गाळाचा जाड थर सापडलेला आहे. मोठा पूर आला असेल. ज्याचं गाव बुडालं, त्याला सारं जग बुडाल्यासारखं वाटलं असेल. याच्यापुढे माझ्याजवळ पुरावा नाही.

हसणं थांबलं. मी कबूलच करून टाकीन याची पंडितजींनी तयारी केली नव्हती. त्यांनी यरीहोच्या भिंती काढल्या. मी सांगितलं, त्या कधी पडल्या यावर खणणाऱ्यांचंच एकमत नाही. सूर्य थांबला हे मी काव्य समजते. पण शास्त्रात पुढे येणारे राजे, त्यांच्यावर आलेल्या स्वाऱ्या, हा इतिहास आहे, कारण त्यांच्या शत्रूंनीच आपल्या दगडांवर त्यातल्या काही राजांची नावं कोरून ठेवली आहेत.

मग त्यांनी वडिलांकडे बोट केलं आणि विचारलं, हेसुद्धा असंच मानतात का?

"नाही," मी म्हटलं. "बाबा सगळं घडलेलं मानतात, मी मानत नाही. आम्ही एकाच चुलीवरचा भात खातो."

आता गर्दी हसली ती माझ्या बाजूनं. वडीलही हसले.

पंडितजी आवाज उतरवून म्हणाले, "फिर बेटी, यह किताब छोड़ती क्यों नहीं?"

या प्रश्नाचं उत्तर मी ठरवून आणलं नव्हतं. मी समोरच्या लोकांकडे पाहिलं. गावांचे जमीनदार मालगुजार होते, त्यांचे नोकर होते, कचारगडच्या बाजूचे गोंड होते.

"इथं प्रत्येक घराणं सांगतं की आमचे पूर्वज राजे होते," मी म्हटलं. "या पुस्तकातले लोक सांगतात, आमचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते, विटा पाडत होते. मिसरच्या दगडांवर त्यांच्या सुटकेची नोंद नाही. पण स्वतःच्या आजोबाला गुलाम कोणी उगाच म्हणत नाही. यात काहीतरी घडलेलं आहे, असं मी मानते. आणि देव मालकाच्या बाजूनं नाही, विटा पाडणाऱ्याच्या बाजूनं आहे, हे ज्यांना सर्वांत आधी सुचलं, त्यांचं पुस्तक मी सोडणार नाही."

मागे उभा असलेला एक शेतमजूर खांद्यावरचं ओझं खाली ठेवून टाळ्या वाजवू लागला, आणि मग चिंचेखालचा सारा बाजार टाळ्यांनी भरला. पंडितजींनी हात जोडले. "लड़की सच बोलती है," ते लोकांना म्हणाले, "इससे बहस नहीं हो सकती." त्यांनी त्याच संध्याकाळची गाडी धरली.

घरी जाताना वडील माझ्यापुढे ताठ मानेनं चालत होते. भेटेल त्याला फुटक्या आवाजात सांगत होते, "माही पोरगी आहे." घराजवळ आल्यावर म्हणाले, "यरीहोच्या भिंती तरी ठेवाच्या होत्या."

पुढच्या रविवारी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तक्रार केली, की जलप्रलय नाकारणारीला शास्त्र शिकवू देऊ नये. वडिलांचा आवाज तोवर परत आला होता. त्यांनी उभं राहून मोठ्या माणसांचा शास्त्रवर्ग माझ्या हाती दिला आणि स्वतः पहिल्या ओळीत, माझ्याशी भांडायला, बसले.